गावचा रस्ता कुठल्या निधीतून घ्यावा?

आमच्या गावात वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत काँक्रीटचा रस्ता झाला, आणि पाचव्याच महिन्यात नळाच्या पाइपलाइनसाठी तो मधोमध कापला गेला. दोन्ही कामं रीतसर मंजूर होती, दोन्हींची बिलं निघाली. चर मात्र मुरूम टाकून बुजवला आणि पावसाळाभर त्यात दुचाक्या घसरत राहिल्या. मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. त्यामुळे आता कुणी नवे सरपंच निधीचं विचारतात, तेव्हा मी आधी विचारते: जमिनीखालचं काम उरकलंय का?

ते उरकलं असेल तर पैशाच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट वित्त आयोगाची, म्हणजे त्याच्या शिफारशीने केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या निधीची. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या वाटणीत ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेपुरता, तर ४० टक्के अबंधित. गल्लीतला रस्ता या अबंधित निधीतूनच घ्यावा लागतो. लहान गावाला ही रक्कम तुटपुंजी वाटते, हे खरं. पण कुठलं काम कुठल्या वर्षी घ्यायचं, हे गावच्या विकास आराखड्यात ग्रामसभा ठरवते. ही ताकद बाकी दोन वाटांवर नाही. एकाच गल्लीत बंधितातून सांडपाण्याची गटार आणि लगेच अबंधितातून रस्ता घेतला, तर दोन निधी एकमेकांना धरून चालतात आणि खोदाई एकदाच होते. मात्र हिशोब ऑनलाइन चढवलेले हवेत, आणि पंचायत निवडून आलेली हवी. प्रशासक असताना हा निधी अडतो.

दुसरी वाट आमदार-खासदारांच्या निधीची, आणि त्याच धर्तीवर शिफारशीने मिळणाऱ्या २५१५ च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामविकासाच्या त्या लेखाशीर्षाखालच्या, कामांची. खासदारांना वर्षाला ५ कोटी मिळतात आणि मतदारसंघात गावं शेकडो. आपल्या वाट्याला काय येईल, याचा अंदाज त्यातूनच बांधा. पत्र मिळालं की काम हलतं, पण पत्र कधी मिळेल ते गावाच्या हातात नसतं, आणि पुढची देखभाल पंचायतीच्याच गळ्यात पडते. सभामंडप किंवा स्मशानभूमीची शेड अशा सुट्या कामांना ही वाट चांगली. रस्त्यासाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

तिसरी ग्रामसडक योजनेची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० सालापासून चालू आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेला तिचा चौथा टप्पा २०२८-२९ पर्यंत आहे. त्यात २०११ च्या जनगणनेनुसार सपाट भागातल्या ५०० किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या, अजून न जोडलेल्या वस्त्या बसतात; डोंगरी आणि आदिवासी भागासाठी अट शिथिल आहे. गावातल्या गल्ल्या यात बसत नाहीत. पण वाडीला मुख्य रस्त्याशी जोडायचं असेल, तर आधी हीच वाट धरा, कारण पाच वर्षांची देखभाल त्याच ठेकेदाराच्या करारात असते. भूसंपादनाचा पैसा मात्र या योजनेत नाही. रस्ता कुणाच्या बांधावरून जाणार, त्यांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. इथेच बहुतेक प्रस्ताव रेंगाळतात. रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक आहे का, हेही जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात बघून या.

थोडक्यात, वाडीचा जोडरस्ता ग्रामसडकमधून आणि गल्ली अबंधित निधीतून.

वाट कुठलीही धरा, पण कार्यारंभ आदेश निघण्याआधी पाणीपुरवठा उपविभागाला पत्र द्या आणि या रस्त्यावर पाइपलाइन बाकी नाही, असं लेखी उत्तर घ्या. बाकी असेल तर जलजीवनच्या, म्हणजे घरोघरी नळाच्या योजनेच्या, अंदाजपत्रकात रस्ता पूर्ववत करण्याची तरतूद आहे का, ते वाचा आणि रस्ता एक हंगाम पुढे ढकला. लोक रागावतील, तर ते पत्र ग्रामसभेत वाचून दाखवा. काँक्रीट पडण्याआधी दर चार-पाच घरांमागे रस्त्याखालून आडवा एक रिकामा पाइप टाकून ठेवा, म्हणजे उद्या कुणाला नळजोडणी घ्यायची झाली तर रस्ता फोडावा लागणार नाही.