पूलचं ऑटोमॅटिक कव्हर घेताना

नात रांगायला लागली तसं आम्ही स्विमिंग पूलवर ऑटोमॅटिक कव्हर बसवून घेतलं. माझी अट एकच होती, एएसटीएम एफ १३४६ हे पूलच्या सुरक्षा कव्हरसाठीचं अमेरिकन मानक. त्यानुसार मोठ्या पूलच्या कव्हरने सुमारे २२० किलो, म्हणजे दोन मोठी माणसं आणि एका मुलाचं वजन पेलायला हवं. पाणी गरम ठेवायला नुसतं तरंगत ठेवतात त्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकच्या सोलर कव्हरवर मूल पडलं तर ते कव्हरसकट पाण्यात जातं. आमच्या कव्हरच्या कडा दोन्ही बाजूंच्या रुळांत इतक्या घट्ट बसतात की बोटही आत जात नाही. कव्हर उघडता-मिटताना किल्ली फिरवून धरावी लागते, सोडली की कव्हर जागीच थांबतं. हे मला फार आवडलं. पावसाचं पाणी मात्र वर साचतं आणि तेवढ्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून उपसायचा पंप सोबत घ्याच. रुळांतला पाला अधूनमधून पाइपने धुवावा लागतो.