तीन प्लेटांचा म्युऑन डिटेक्टर: आठ महिने चालवल्यानंतर

म्युऑन म्हणजे वैश्विक किरण वातावरणावर आदळून तयार होणारे, इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण; ते मोजणाऱ्या एका तयार संचाचा हा अनुभव. आधी रचना. प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) तीन प्लेटा, प्रत्येकी १० × १० सेंमी, जाडी १ सेंमी. प्रत्येकीच्या कडेला ६ × ६ मिमीचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (अंधुक चमक टिपून विजेचा पल्स देणारा; पुढे नुसता ‘सेन्सर’), त्यामागे पल्स मोठा करणारा प्रीअँप्लिफायर, तिथून केबल मुख्य बोर्डापर्यंत. बोर्डावर तीन कंपॅरेटर (ठरवलेल्या पातळीहून, म्हणजे थ्रेशोल्डहून, मोठे पल्सच पुढे सोडणारे), मायक्रोकंट्रोलर, मेमरी कार्ड आणि सेन्सरसाठी २८-२९ व्होल्टचा बायस (सेन्सर चालवणारं व्होल्टेज) तयार करणारा बूस्ट कन्व्हर्टर. प्लेटा खांबावर वरखाली सरकतात. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची यांच्यातलं अंतर ५ ते ३० सेंमी ठेवता येतं. हा संच आठ महिने जवळजवळ अखंड चालला. बांधणी पक्की आहे, कल्पनाही उत्तम आहे, पण पुस्तिकेत नेमक्या गरजेच्या बऱ्याच गोष्टी गाळल्या आहेत.

पहिली गोष्ट: एका प्लेटच्या आकड्याला म्युऑन म्हणू नका. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. म्हणजे या प्लेटमधून मिनिटाला शंभरेक, सेकंदाला दोनसुद्धा नाहीत. डिस्प्लेवर मात्र सेकंदाला आठ-दहा दिसतात. उरलेले बहुतेक भिंतींतल्या पोटॅशियम-४० चे आणि युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारी साखळ्यांतले गॅमा किरण. थ्रेशोल्ड वाढवून ते गाळता येतील असं वाटतं, पण येत नाहीत. सरळ खाली येणारा म्युऑन १ सेंमी प्लास्टिकमध्ये सुमारे २ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा टाकतो, आणि थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ चा २.६१ एमईव्हीचा गॅमा कॉम्प्टन विकिरणातून (इलेक्ट्रॉनला धडकून) २.३८ एमईव्हीपर्यंत देऊ शकतो. ऊर्जेच्या आलेखात दोघांचे ढीग एकमेकांवर पडतात. प्लेट ५ सेंमी जाड असती तर म्युऑनचा उंचवटा १० एमईव्हीच्या आसपास गेला असता आणि हा प्रश्नच उरला नसता. पण मग वजन आणि किंमत दोन्ही वाढतात.

म्हणून कोइन्सिडन्स, म्हणजे दोन प्लेटांत एकाच क्षणी आलेले पल्सच मोजायचे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बोथे आणि कोल्हर्स्टर यांनी १९२९ मध्ये दोन गायगर काउंटर एकावर एक ठेवून जे केलं आणि इटालियन भौतिकशास्त्रज्ञ रॉसीने १९३० मध्ये ज्यासाठी व्हॉल्व्हचं (निर्वात नळ्यांचं) सर्किट मांडलं, तेच काम इथे एक अँड गेट (दोन्हीकडून पल्स आला तरच ‘हो’ म्हणणारं सर्किट) करतं. वरच्या आणि खालच्या प्लेटमध्ये ५ सेंमी अंतर असताना मिनिटाला ४५ च्या आसपास, ३० सेंमी असताना ५ च्या आसपास मिळतात. वर काँक्रीटचे मजले असतील तर याहून कमी.

इथे सेटिंगमधला एक सापळा आहे. कोइन्सिडन्स दोन प्रकारे निवडता येतो: गेटने, म्हणजे हार्डवेअरमध्ये, किंवा मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये. संच येतो तो दुसऱ्या पर्यायावर. त्याची खिडकी ३० मायक्रोसेकंदांची. योगायोगाने जुळणाऱ्या पल्सांचा दर २τr₁r₂ (τ ही खिडकी, r₁ आणि r₂ दोन प्लेटांचे दर). दोन्ही प्लेटांचा दर सेकंदाला १० धरला तर तो सेकंदाला ०.००६, म्हणजे मिनिटाला ०.३६ येतो. मिनिटाला ४५ मध्ये तो बुडून जातो, मिनिटाला ५ मध्ये मात्र सात टक्के भेसळ होते. गेटवर १०० नॅनोसेकंदांच्या पल्सा वापरल्या की हेच योगायोग दिवसाला दोनाच्या आत येतात. पेटी उघडल्या उघडल्या हा पर्याय बदलावा.

थ्रेशोल्ड लावताना अंदाजपंचे काम नको. म्युऑनचे २ एमईव्ही म्हणजे प्लास्टिकमध्ये सुमारे २० हजार फोटॉन. त्यातले जेमतेम एक टक्का सेन्सरवर पोचतात असं धरलं आणि सेन्सरची कार्यक्षमता ४० टक्के घेतली, तर हाती ८० च्या आसपास फोटोइलेक्ट्रॉन (सेन्सरने खरोखर टिपलेले फोटॉन) लागतात. सेन्सरचा स्वतःचा अंधारातला गोंगाट एक-दोन फोटोइलेक्ट्रॉनचा, पण सामान्य तापमानाला तो सेकंदाला दहा लाखांच्या घरात असतो. थ्रेशोल्ड पायरीपायरीने वर नेत एकेरी दराचा (एकट्या प्लेटच्या दराचा) आलेख काढा. सुरुवातीला तो कड्यासारखा कोसळतो, मग वळण घेऊन सावकाश उतरायला लागतो. वळणाच्या थोडं पुढे थांबा. ‘जास्त म्युऑन पकडू’ म्हणून थ्रेशोल्ड खाली आणला आणि दोन्ही प्लेटांचा दर ५ किलोहर्ट्झला गेला, तर १०० नॅनोसेकंदांच्या खिडकीतही सेकंदाला पाच खोटे कोइन्सिडन्स येतात. मिनिटाला तीनशे! खऱ्यांच्या कितीतरी पट.

आता सगळ्यात त्रासदायक भाग: तापमान. पहिल्या महिन्यातला एकेरी दराचा आलेख पाहिला की वैश्विक किरणांना दिवस-रात्रीचं सुरेख चक्र आहे असं वाटेल. ते चक्र खोलीच्या थर्मामीटरचं असतं. या प्रकारच्या सेन्सरचं ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो फोटॉन टिपू लागतो) दर अंशाला साधारण २१.५ मिलिव्होल्ट वाढतं. बायस स्थिर ठेवला आणि तापमान १० अंशांनी चढलं, तर ब्रेकडाउनच्या वरचं व्होल्टेज, म्हणजे ओव्हरव्होल्टेज, ०.२१५ व्होल्टने घटतं. ओव्हरव्होल्टेज ४ व्होल्ट असेल तर गेन (पल्सचं प्रवर्धन) पाच टक्क्यांहून अधिक पडतो, २.५ व्होल्ट असेल तर साडेआठ टक्क्यांच्या पुढे. थ्रेशोल्ड तिथेच असल्याने गॅमांच्या तीव्र उताराचा एक पट्टाच कापला जातो आणि एकेरी दर घसरतो. कोइन्सिडन्सला याची झळ कमी, कारण म्युऑनचा उंचवटा थ्रेशोल्डपासून लांब असतो.

संचात तापमानानुसार बायस सुधारण्याची सोय आहे, पण तापमान मोजणारी चिप मुख्य बोर्डावर, बूस्ट कन्व्हर्टरच्या शेजारी बसवली आहे. बोर्ड चालू झाला की तापतो, चिप ते तापमान सांगते आणि प्लेटमधला थंड सेन्सर विनाकारण जास्त व्होल्ट खातो. उपाय एकच: छोटा थर्मिस्टर सेन्सरच्या पाठीला चिकटवायचा, दोन बारीक तारा बाहेर काढायच्या आणि सुधारणा त्याच्या वाचनावर चालवायची. एवढं केल्यावर ते ‘चक्र’ आलेखातून जवळजवळ पुसलं गेलं. तापमान निस्तरलं की हवेचा दाब दिसू लागतो. दाब एक हेक्टोपास्कल वाढला की म्युऑनचा दर सुमारे ०.१ ते ०.२ टक्क्याने घटतो. ५ सेंमी अंतरावर दिवसाला ६५ हजारांच्या आसपास नोंदी होतात, म्हणजे सांख्यिकी चूक ०.४ टक्का, १० हेक्टोपास्कलचा चढउतार त्यात ओळखू येतो. तासातासाच्या आकड्यांत शोधायला जाऊ नये, तिथे चूकच दोन टक्के आहे.

प्रकाशगळती चौथ्या महिन्यात सुरू झाली. काळ्या पीव्हीसी टेपचा गोंद उष्णतेने सैल होतो आणि कोपरे उचलले जातात. केबल बाहेर येते ती जागा तर कायमची कच्ची. तपासायला खोली अंधारी करून टॉर्च प्लेटच्या कडेकडेने हळू फिरवायचा आणि एकेरी दरावर नजर ठेवायची; टॉर्च भोकासमोर आला की आकडा उसळतो. प्लेट उघडावी लागलीच तर तीन पथ्यं. प्लास्टिकला बोट लावू नका, त्वचेच्या तेलाने पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात. अॅसिटोन तर जवळही आणू नका. पुसायचं झालं तर सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड. आणि परावर्तक थर प्लास्टिकला गोंदाने चिकटवू नका. प्लास्टिकचा अपवर्तनांक १.५८, त्यामुळे ३९ अंशांहून तिरपा पडणारा प्रकाश हवेच्या पातळ फटीमुळे पूर्ण परावर्तित होतो. फट गेली की हा फुकटचा आरसा जातो. नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप चार-पाच पदरी गुंडाळली तरी चालते, तिच्यावर अॅल्युमिनियम फॉइल. फक्त फॉइल सेन्सरच्या पिनांना टेकत नाही ना, हे मल्टिमीटरने पाहून मगच बायस द्यावा.

सेन्सर आणि प्लास्टिक यांच्यामधलं सिलिकॉन ग्रीस ही दुसरी कुरबूर. प्लेट महिनोन्महिने उभी ठेवली तर ते ओघळतं, मध्ये बुडबुडा शिरतो आणि पल्स लहान होतात. सिलिकॉनची पातळ पारदर्शक चकती लावली तर थोडा प्रकाश जातो, पण हे दुखणं थांबतं.

विजेचा गोंगाट मात्र चकवतो, कारण तो तिन्ही प्लेटांत एकाच क्षणी शिरतो आणि गेटला खरा कोइन्सिडन्स वाटतो. पंख्याचं बटण, स्वस्त मोबाइल चार्जर, लॅपटॉपचं अर्थिंग, सगळे संशयित. परीक्षा सोपी: एका प्लेटचा बायस २० व्होल्टवर, म्हणजे ब्रेकडाउनच्या बऱ्याच खाली आणायचा. आता कोइन्सिडन्स शून्य हवेत. तरीही आले तर ते तारांतून येताहेत. या संचात ते येत होते. वीजपुरवठा पॉवर बँकेवर नेल्यावर आणि केबलवर फेराइटचे मणी चढवल्यावर थांबले.

नोंदींबद्दल थोडक्यात. प्रत्येक पल्सनंतर कार्डावर लिहिलं तर लिहिताना डिटेक्टर आंधळा असतो. शे-दोनशे नोंदी साठवून एकदम लिहाव्यात. घड्याळाचा स्फटिक २० पीपीएमने (दहा लाखांत वीस) चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, तेव्हा दोन संच जुळवायचे असतील तर जीपीएसचा पल्स हवाच.

कोनाचा प्रयोग छान होतो. ३० सेंमी अंतर, खांब ६० अंश कलवला की दर उभ्याच्या चौथ्या भागाजवळ येतो, कोसाइन वर्गाच्या नियमाप्रमाणे. एका दिवसात १८०० च्या आसपास नोंदी, चूक सुमारे २.४ टक्के. ९० अंशांना शून्य येत नाही, कारण प्लेटांची दृष्टी १८ अंशांपर्यंत पसरलेली असते आणि म्युऑन दोन्ही बाजूंनी आत येतात. म्युऑनचं आयुष्य मोजण्यासाठी मात्र हा संच घेऊ नये. थांबणारे म्युऑन इतक्या पातळ प्लेटांत थोडे, आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी येणारा दुसरा पल्स (म्युऑन फुटल्याचा) फर्मवेअरच्या मिलिसेकंदांच्या मृतकाळात, म्हणजे पल्सनंतरच्या आंधळ्या काळात, हरवतो.

पुस्तिकेत नसलेला, पण याच सामानात बसणारा प्रयोग म्हणजे रॉसीचा. दोन प्लेटा शेजारी शेजारी, तिसरी त्यांच्याखाली मध्यभागी, आणि वर शिशाचे पत्रे एकेक वाढवत न्यायचे. एकच कण सरळ रेषेत तिन्हींतून सहसा जाऊ शकत नाही, त्यामुळे तिहेरी कोइन्सिडन्स म्हणजे मुख्यतः शिशात उमटलेला कणांचा वर्षाव. जाडी १.५ सेंमीच्या आसपास जाईपर्यंत दर चढतो, मग उतरायला लागतो. नोंदी तासाला मोजक्याच, म्हणून प्रत्येक जाडीला तीन-चार दिवस द्यावे लागतात. थर्मिस्टर जागेवर बसवल्याशिवाय याला हात घालू नका.