वानरं बघायला ८×४२ दुर्बीण: पैसे वसूल, पट्टा सोडून

पैसे वसूल आहेत. पट्टा मात्र पहिल्याच दिवशी काढून टाका.

मी पक्षी बघत नाही, वानरं बघते. सोलापूरजवळ अक्कलकोट रस्त्याला दिरांचं शेत आहे. बांधावरच्या जुन्या चिंचांवर काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी असते. भाची प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय, वानर-माकडांचं आपसातलं वागणं, एकेकाचा स्वभाव आणि तब्येत यांचा मेळ कसा बसतो, हा तिचा विषय. मी शाळेतून निवृत्त झाले आणि तिची नोंदवही माझ्या गळ्यात पडली. त्यामुळे पक्षीवाल्यांना यातलं सगळंच पटेल असं नाही.

नवी पेठेतल्या दुकानातला पोरगा खिशात मावणारी १०×२५, म्हणजे दहापट जवळ दाखवणारी, २५ मिलिमीटर भिंगाची, पुढं करत होता. "काकू, धाचं घ्या की. लई जवळ दिसतंय बघा." दिसतं, पण हलतंही तेवढंच, हाताचा कंपसुद्धा दहापट होतो. शिवाय २५ मिलिमीटरच्या भिंगाला १० ने भागलं की डोळ्यात शिरणारा उजेडाचा झोत उरतो अडीच मिलिमीटरचा. ८×४२ मध्ये तो सव्वापाच. दिवस उगवताना चिंचेच्या दाट सावलीत काळं तोंड बघायचं तर हे गणित लगेच पटतं. साडेसात हजार मोजले.

माझी परीक्षा एकच होती: या दुर्बिणीतून कोण कोण आहे ते ओळखता येतं का? कारण या विषयाचा सगळा डोलारा ओळखीवर उभा आहे. केनियातल्या अंबोसेलीत १९७१ पासून बबूनांचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या माकडांचा, अभ्यास चालू आहे, तिथले निरीक्षक प्रत्येक बबून चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखतात. तिथल्या १६ वर्षांच्या नोंदी तपासून २००३ मध्ये मांडलं गेलं की ज्या माद्यांचं इतरांत उठणं-बसणं जास्त, त्यांची पिल्लं जगण्याचं प्रमाण जास्त. मग त्या मादीचा कळपातला हुद्दा काहीही असो. आता 'एक मादी दुसरीच्या अंगातलं वेचत होती' एवढंच वहीत लिहिलं, तर त्यातून हे कधी निघालं असतं? कोण, कुणाच्या, किती वेळ, हे हवं.

तर, साधारण साठ पावलांवरून कानाची फाटकी कड, शेपटीचा बाक, भुवईतली खोक स्वच्छ दिसते. नवजात पिल्लू काळसर असतं आणि टोळीतल्या माद्या ते एकमेकींकडून ओढून घेतात, त्यामुळे कुशीत पिल्लू दिसलं म्हणून ती आई ठरत नाही. दूध पाजणारीची लांबलेली स्तनाग्रं दिसली की उलगडा होतो, आणि तीही दिसतात. जवळ जाऊन बघण्यात अर्थ नाही. आपण जवळ गेलो की त्यांचं लक्ष आपल्या पिशवीवर, आणि वहीत उतरतं ते आपल्याशी वागणं.

पिल्लांचा हिशोब का ठेवायचा, त्याचं उत्तर शेजारच्या कर्नाटकातच आहे. धारवाडला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं नवा हुप्प्या टोळी बळकावतो तेव्हा तान्ह्या पिल्लांना मारतो, हे नोंदवलं. आधीची पिल्लं माहीतच नसतील तर नाहीशी झालेली कशी कळणार?

आता त्रास. अंबोसेलीतल्याच संशोधक जीन ऑल्टमन यांच्या १९७४ च्या लेखातली एक पद्धत भाची वापरते: एकच प्राणी धरायचा, ठरावीक वेळ फक्त त्याच्यावर नजर, जे करेल ते लिहायचं. आम्ही दहा मिनिटं धरतो. दुर्बिणीचं वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, पण पाचव्या मिनिटापासून खांदे बोलायला लागतात. कोपर गुडघ्यावर टेकवा. लिहायला दुसरं माणूस हवंच. मी बोलते, ती लिहिते. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवून बघायचं. मला कडेचं थोडं अंधुक दिसतं, मधलं चोख.

एप्रिल-मे मध्ये दुर्बिणीची खरी किंमत कळते. दुपारी सगळी टोळी सावलीत दाटून बसते. कोण कुणाला शेजारी टेकू देतं, कोण दात विचकून हाकलतं, सगळं एका चौकटीत. पोर्तो रिकोजवळच्या कायो सँटियागो बेटावर १९३८ मध्ये आपल्याकडूनच नेलेल्या लाल तोंडाच्या माकडांचे वंशज आहेत. २०१७ च्या मारिया वादळात तिथली झाडी उद्ध्वस्त झाली, सावली महाग झाली, आणि त्यानंतर जी माकडं दुसऱ्यांना शेजारी खपवून घेत होती ती जास्त संख्येनं तगली. सोलापूरच्या उन्हात बसून हे वाचलं की वेगळं समजावं लागत नाही.

तक्रारी दोन. पट्टा नायलॉनचा, घामानं मान सोलते. मी जुन्या चादरीची पट्टी दुमडून शिवली. आणि भिंगांची झाकणं सैल, एक पहिल्याच आठवड्यात उसात गेलं. दुकानदार म्हणाला, "झाकन सुटं येत नाही ओ मॅडम." आपल्याकडची धूळ भिंगावर पदरानं पुसू नका, चरे पडतात, आधी फुंकणीनं उडवा.

घेताना दुकानाच्या काउंटरवरून भिंतीवरचं कॅलेंडर बघू नका. बाहेर या, समोरच्या रांगेतल्या लांबच्या पाटीवरचा फोन नंबर वाचा, आणि पूर्ण दहा मिनिटं धरून उभे राहा. दुकानदार वैतागला तरी चालेल.