दुसरी गाडी म्हणून जुनी ऑक्टाव्हिया कॉम्बी: डिझेलच्या मोहात पडू नका

जर्मनीत स्टेशन वॅगनला कॉम्बी म्हणतात आणि तिथे ती घराघरांत असते. आपल्याकडे पुण्यात तयार झालेली इंडिगो मरिना लोकांनी ‘डिक्की वाढवलेली गाडी’ म्हणून बाजूला सारली. जर्मनीत मात्र कंपन्या कर्मचाऱ्यांना अनेकदा कॉम्बी देतात. लीज संपली की त्या गाड्या जुन्या बाजारात येतात, म्हणून निवड भरपूर. दहा हजार युरोंच्या आसपास बजेट असेल, तर तिसऱ्या पिढीची श्कोडा ऑक्टाव्हिया (२०१३ ते २०२०) आधी बघावी. डिक्की ६१० लिटर, मागची सीट पाडली की १,७४० लिटर. मुलांची बाबागाडी, महिन्याचा किराणा आणि तांदळाची वीस किलोची पोती सहज मावतात.

अडचण अशी की लीजवरून आलेल्या गाड्यांत डिझेलचा भरणा फार. दुसरी गाडी रोज किती धावते? किंडरगार्टन, दुकान, स्टेशन. चार-पाच किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन नीट तापतही नाही. काजळी पकडणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवावं लागतं. ते न झाल्याने फिल्टर तुंबतो, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्हही काजळीने भरतो. शिवाय वर्षाचा वाहनकर बघा: दर १०० सीसीला पेट्रोलचे २ युरो, डिझेलचे साडेनऊ. म्हणजे १.४ पेट्रोलला २८ युरो, १.६ डिझेलला १५२. कार्बन डायऑक्साइडचा भाग दोन्हींना याशिवाय वरून लागतो. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर होत नसतील, तर डिझेल महागच पडतं.

म्हणून १.२ किंवा १.४ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), हाताने गिअर टाकायची. या इंजिनांना टायमिंग बेल्ट आहे. आधीच्या पिढीतल्या १.२ आणि १.४ टीएसआयला साखळी होती आणि ती ताणायची. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड आली तर ती गाडी तिथेच सोडा. नव्या इंजिनाचा कच्चा दुवा पाण्याचा पंप. तो थर्मोस्टॅटसकट प्लास्टिकच्या घरात गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो आणि तिथून कूलंट झिरपतं. बॉनेट उघडून टॉर्चने गुलाबी-जांभळट सुकलेले डाग शोधा. कूलंटची पातळी ‘मिन’च्या खाली असेल, तर विकणाऱ्याने ‘नुसतं भरलं की झालं’ म्हटलं तरी पटवून घेऊ नका.

ऑटोमॅटिकच हवी असेल, तर सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सावधपणे बघा. इंजिन गरम झाल्यावर पार्किंगमध्ये मुंगीच्या चालीने चालवा, मग चढावर रिव्हर्स घ्या. गाडी थरथरली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका बसला, तर क्लच किंवा मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट) गेलं असं समजा. दोन्हींचा खर्च मोठा. सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी टिकाऊ, पण दर ६०,००० किलोमीटरला तेल बदलल्याची पावती मागा. हाताच्या गिअरच्या गाडीला मागे ट्रेलरचा हुक असेल, तर ओझं ओढून क्लच झिजलेला असू शकतो; चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर गेला पण वेग वाढला नाही, म्हणजे क्लच घसरतोय.

डिक्कीचा गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. ओल लागली तर मागच्या वॉशरची नळी किंवा वरच्या ब्रेक-लाइटचं रबर तपासा. दुरुस्ती स्वस्त, पण तोवर वायरिंग कुजायला लागलेलं असतं. टायरच्या बाजूवरचे डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१७ म्हणजे २०१७चा बत्तिसावा आठवडा. हिवाळी टायरचा सेट फुकट मिळतोय म्हणून हुरळू नका, आधी वय बघा.

‘टुफ नवा’ या जाहिरातीला लोक फार भुलतात. टुफ ही दर दोन वर्षांची सक्तीची तपासणी ब्रेक, दिवे, गंज, धूर बघते. क्लच आणि गिअरबॉक्सचं आयुष्य नाही. तिचा खरा उपयोग वेगळा: जुन्या अहवालांवर किलोमीटर छापलेले असतात. ते सर्व्हिसच्या नोंदींशी जुळवून पाहा, किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला असेल तर इथेच कळतं.

विक्रेता व्यापारी असेल, तर जुन्या गाडीतल्या दोषांची कायदेशीर जबाबदारी तो करारात एक वर्षापर्यंतच आणू शकतो, त्याखाली नाही. म्हणूनच ती जबाबदारी टाळायला काहीजण करारात ‘इम कुंडनआउफट्राग’ म्हणजे ‘ग्राहकाच्या वतीने’ लिहितात, किंवा चालती गाडी ‘बास्टलरफाहरझॉयग’ म्हणजे खटपट्यांसाठीची म्हणून दाखवतात. असा शब्द दिसला की सही करू नका. विम्याचंही गाडी घेण्याआधीच विचारा: दुसऱ्या गाडीला काही कंपन्या अगदी खालच्या सूट-वर्गापासून (दावा न केलेल्या वर्षांवर ठरणारा हप्त्याचा वर्ग) सुरुवात करतात, काही पहिल्या गाडीचा वर्ग देतात. वर्षाच्या हप्त्यात शेकडो युरोंचा फरक इथेच पडू शकतो.