नऊ महिने बाबागाडी ढकलल्यावर

स्ट्रोलर घेतला तेव्हा लेक तीन आठवड्यांची होती. आता दहा महिन्यांची झालीये आणि गाडीत ठेवलं की आधी बक्कल तोंडात घालून बघते. रोज दोन फेऱ्या आणि मधूनमधून प्रवास, एवढा वापर झाला. घेताना मी कप ठेवायची जागा, हूडचा रंग, एका हाताने मिटते का, हे सगळं बघितलं. ब्रेक मात्र एकदाही दाबून पाहिला नव्हता.

आमची गाडी मधल्या वजनाची आहे, साडेनऊ किलोची. पाठ पूर्ण आडवी होते, बैठक आपल्याकडे किंवा रस्त्याकडे तोंड करून लावता येते. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाडीचा मोह झाला होता. (ती कल्पना १९६५ची, ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याची. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला माणूस, त्यामुळे मिटवामिटवी त्याच्या हातातलीच.) पण आम्ही पाहिलेल्या हलक्या गाडीची पाठ जेमतेम मागे कलायची. इतक्या लहान बाळाला असं अर्धवट बसवलं की मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि तेवढ्यानेही श्वास अडू शकतो. रडायलाही श्वास लागतो, त्यामुळे आवाजही येत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मान नीट धरून बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, आडवीच ठेवा. हलकी गाडी तिथेच बाद झाली.

आता ब्रेक. मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच पेडल आहे, पायाने दाबलं की दोन्ही अडकतात. आत काय होतं ते मला तिसऱ्या महिन्यात कळलं. चाकाच्या आतल्या बाजूला दाते असतात आणि ब्रेकची खुंटी दोन दात्यांच्या मधे जाऊन बसते. ती नेमकी दात्याच्या टोकावर टेकली तर पेडल खाली गेलेलं दिसतं, पण चाक मोकळंच राहतं. अशाच एका दिवशी मी पेडल दाबलं आणि पिशवीतून दुपटं काढायला वळले. पाठीमागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, खट् वाजलं नाही." वळून बघितलं तर गाडी वीतभर सरकली होती. उतार एवढा किरकोळ की नुसत्या डोळ्यांना दिसला नसता. तेव्हापासून पेडल दाबायचं, खट् ऐकायचं, मग दांडा पुढेमागे हलवून बघायचा आणि त्यानंतरच हात सोडायचा. उतारावर गाडी आडवी लावतो. दांड्याला मनगटाचा पट्टा आहे, तो सुरुवातीला मला शोभेचा वाटायचा.

दांड्याला पिशवी अडकवू नका हे सूचनापत्रकात ठळक अक्षरांत लिहिलंय, आणि मी सहा आठवडे अडकवत होते. दांडा मागच्या चाकांच्याही मागे येतो, त्यामुळे तिथे टांगलेलं वजन गाडीला मागे ओढतं. बाळ आत असेपर्यंत तोल कसाबसा टिकतो. मी लेकीला उचललं आणि गाडी धाडकन मागे कोसळली. ती माझ्या कडेवर होती म्हणून नुसत्या डायपरच्या पिशवीचा चुथडा झाला. आता सगळं खालच्या टोपलीत. टोपलीची तक्रार वेगळी आहे: पाठ आडवी केली की तिच्यात हात जात नाही.

पट्टा पाच ठिकाणचा आहे, दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. हा पायांमधला सगळ्यात महत्त्वाचा. समोरच्या आडव्या दांड्यावर भरवसा ठेवून पट्टा न लावता बसवलं तर मूल पायांकडून खाली घसरतं, अंग फटीतून जातं आणि डोकं अडकतं. खांद्याचे पट्टे आम्ही चार महिने सगळ्यात खालच्या खाचेतच ठेवले होते. लेक वाढली, पट्टे वाढले नाहीत, आणि ते खांदे खाली दाबत होते. आता दर महिन्याला खाच बघते. पट्टा आणि अंग यांच्यात एक-दोन बोटं शिरतील एवढाच सैल.

मिटवताना बाळ हाताशी नको, हा आमच्या घरातला कडक नियम. २००९मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख स्ट्रोलर परत मागवले गेले, कारण बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या बारा घटना समोर आल्या होत्या. आमच्या गाडीच्या बिजागरीवर प्लॅस्टिकचं आवरण आहे, तरी मिटताना कात्रीसारखा सांधा उघडा पडतोच. उघडल्यावरही कुलूप बसल्याचा आवाज येईपर्यंत तिला आत ठेवत नाही. आणि एका हाताने मिटते ही जाहिरात त्या माणसासाठी असावी ज्याला तीन हात आहेत.

उन्हात हूडवरून पातळ मलमल टाकायची सवय मला लागली होती, सावली होते म्हणून. एकदा आत हात घातला तर लेकीची मान घामाने चिंब होती. कापडाने हवाच कोंडते. आता हूड पुढे ओढते, ऊन चढायच्या आत फेरी उरकते. सरकत्या जिन्यावर गाडी नेत नाही. लिफ्ट नसेल तर लेक कडेवर आणि गाडी मिटवलेली.

चाकांबद्दल कौतुक आणि कुरकुर दोन्ही. खडबडीत रस्त्यावर पुढची चाकं सरळ लॉक केली की गाडी सुरेख चालते, न केली तर थरथरते. सातव्या महिन्यात एक चाक चिरकायला लागलं. काढून पाहिलं तर आसाला माझेच केस गुंडाळलेले. नवऱ्याने चिमट्याने उपसले, सिलिकॉन स्प्रे मारला, आवाज गेला.

सांगाड्यावरच्या लेबलवर युरोपचं ईएन १८८८ हे मानक आणि १५ किलोची मर्यादा लिहिलीये. अमेरिकी गाड्यांवर एएसटीएम एफ८३३ दिसतं. दुकानात मी हे लेबल वाचलंच नव्हतं. परत घ्यायची झाली तर हीच घेईन, फक्त मोठी टोपली असलेली.

केस अडकलेल्या त्याच चाकाची टोपी परवा फेरीत कुठेतरी पडली. कंपनीला तीनदा फोन झाले, तिन्ही वेळा नवा माणूस, तिन्ही वेळा तोच प्रश्न की गाडीचा रंग कुठला. टोपी अजून आलेली नाही. तोवर आस उघडाच आहे, म्हणून रोज बाहेर पडायच्या आधी ते चाक ओढून बघते.