‘रॉबर्ट्स रूल्स’ची १२वी आवृत्ती : साध्या सभासदाने घ्यावी का?

हेन्री रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये अमेरिकेत छापलेल्या सभानियमांची ही २०२० ची आवृत्ती. पानं सातशेवर, पण सलग वाचायची गरज नाही. या वेळेपासून परिच्छेदांना क्रमांक दिलेत, त्यामुळे ऐन सभेत नियम चटकन दाखवता येतो. तेवढ्यानेच पैसे वसूल.

सर्वांत उपयोगी भाग चर्चा बंद करण्याचा. मागून कुणी ‘मतदान घ्या’ ओरडलं की बरेच अध्यक्ष चर्चा गुंडाळतात. तसं करता येत नाही! मागणी करणाऱ्याने आधी अध्यक्षांकडून बोलण्याची परवानगी घ्यायची, मग अनुमोदन, मग दोन तृतीयांश मतं. ती पडलेल्या मतांची, हजर सभासदांची नव्हे. ६० मतं पडली तर ४० हवीत, तटस्थ मोजायचे नाहीत. हिशेब नेमका इथेच चुकतो. मंडळाचा वेगळा नियम नसेल तर एका ठरावावर प्रत्येकाला दिवसात दोनदा, दर वेळी १० मिनिटं बोलता येतं.

हरकतीच्या मुद्द्याला, म्हणजे नियम मोडला जातोय असं अध्यक्षांच्या लक्षात आणून द्यायला, अनुमोदन लागत नाही, पण चूक घडताक्षणी उठायला हवं. त्यावर अध्यक्षांचा निर्णय पटला नाही तर अनुमोदनासह सभेकडे अपील. मतं समसमान पडली तर निर्णय कायम. आवाजी मतदानावर शंका आली तर एकटा सभासदही ‘सर्वांनी उभं राहून मत द्यावं’ अशी मागणी करू शकतो.

भाषा मात्र जड, अपवादांनी भरलेली. नवख्याने आधी ‘इन ब्रीफ’ ही छोटी आवृत्ती घ्यावी. अमेरिकेतल्या ज्या मराठी मंडळांनी हे नियम घटनेत स्वीकारलेत, त्यांच्या कार्यकारिणीकडे मोठी प्रत हवीच. सोबत घटनाही ठेवा; दोन्हींत फरक असेल तिथे घटना वरचढ.