बूट न होणारा संगणक: रेस्क्यू डिस्क, लाइव्ह पेनड्राइव्ह की थेट फॉरमॅट?

पीक विम्याची मुदत संपत आलेली, आणि चोपड्याहून मावसभावाचा फोन: "भो, कॉम्प्युटर चालूच व्हत नही." त्याचं सेवा केंद्र आहे. बाहेर शेतकरी सातबारा घेऊन उभे, आणि काळ्या पडद्यावर 'नो सच पार्टिशन' व खाली 'ग्रब रेस्क्यू'. ग्रब म्हणजे बूटलोडर: संगणक चालू होताच लिनक्स किंवा विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. त्याच्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. आदल्या रात्री त्याने विंडोजमधून एक रिकामं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, उडवलं होतं. जुन्या पद्धतीची डिस्क, त्यामुळे लिनक्सच्या पार्टिशनचा नंबर सहावरून पाचवर आला आणि ग्रब अजून सहाच शोधत होता. डेटाला धक्काही लागला नव्हता. तरी दुकानदाराने फॉरमॅट सांगितलं.

फॉरमॅट हा पर्याय मी आधीच बाजूला काढतो. बूटलोडर हरवला म्हणजे फायली गेल्या असं नसतं. खरी निवड उरलेल्या दोनांत आहे: लाइव्ह पेनड्राइव्ह की रेस्क्यू डिस्क.

लाइव्ह पेनड्राइव्ह बहुतेकांना माहीत असतो. उबंटू या लिनक्सची फाइल पाच जीबीच्या वर, म्हणजे गावाकडच्या मोबाइल डेटावर दिवसभराचं काम. त्यात वेगळीच सिस्टिम उघडते. फायली दिसतात, बॅकअप घेता येतो, पण तुमचा प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, ब्राउझरची सेटिंग यातलं काहीच तयार नसतं. ग्रब दुरुस्त करायचा तर आपलं पार्टिशन माउंट करा (जोडून घ्या), डेव्ह, प्रॉक, सिस हे सिस्टिमचे फोल्डर जोडा, मग सीएचरूट करून, म्हणजे लाइव्ह सिस्टिममधूनच आपल्या सिस्टिमच्या आत शिरा. यात नवखा माणूस चुकतो, आणि चुकीच्या डिस्कवर ग्रब बसला की गुंता वाढतो.

रेस्क्यू डिस्क म्हणजे इथे सुपर ग्रब टू डिस्क, शंभर एमबीच्या आत. पेनड्राइव्हवरून ती चालू केली की बूट करता येण्यासारख्या सिस्टिम शोधून यादी दाखवते. यादीतून आपली निवडायची, की आपलाच डेस्कटॉप समोर, प्रिंटरसकट. मला ती सगळ्यात जास्त पटते ती एका कारणाने: सिस्टिम निवडून नुसतं बूट करताना ती डिस्कवर काही लिहीत नाही. जमलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, सगळं होतं तसंच आहे. आणि जमलं तर सीएचरूटची गरजच उरत नाही. आपण आपल्याच सिस्टिममध्ये असतो. आधी बॅकअप, मग ग्रब-इन्स्टॉल (ग्रब पुन्हा बसवणं) आणि अपडेट-ग्रब (त्याची यादी ताजी करणं), झालं.

यादीत आपली सिस्टिम आली नाही तर 'सी' दाबून ग्रबच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड लिहायच्या ओळीवर, हाताने चालवायचं. 'एलएस' लिहिलं की डिस्क आणि पार्टिशनं दिसतात. डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशन एकपासून. इथे एक फसगत होते: पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर बऱ्याचदा तोच 'एचडी०' होतो आणि आतली डिस्क 'एचडी१'. म्हणून नंबरावर विसंबू नका, प्रत्येक पार्टिशनच्या आत 'एलएस' करून 'व्हीएमलिनझ' (vmlinuz) नावाची फाइल, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला कर्नल, कुठे आहे ते बघा. सापडलं की 'सेट रूट', मग 'लिनक्स' ओळीत कर्नल आणि त्याच ओळीत 'रूट=' देऊन लिनक्सचं पार्टिशन, मग 'इनिटआरडी' (initrd, कर्नलला सुरुवातीला लागणारी मदतीची फाइल), शेवटी 'बूट'. कर्नल आणि इनिटआरडी एकाच आवृत्तीचे हवेत. लांबलचक नावं टाइप करू नका, टॅब दाबा. 'रूट=' विसरलात तर सिस्टिम अर्ध्यावरच अडकते. घाबरू नका, रीस्टार्ट करून पुन्हा लिहा.

भावाचं काम फोनवर याच रस्त्याने झालं. एक-एक अक्षर सांगत वीस मिनिटं गेली, पण फॉर्म त्याच दुपारी भरले.

दोन ठिकाणी मात्र मी रेस्क्यू डिस्क सुचवणार नाही. 'एलएस'ला पार्टिशनंच दिसत नसतील किंवा हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर बूट करायच्या नादी लागू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरून आधी डेटा काढा. आणि फक्त विंडोज असेल तर विंडोजचाच इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह आणा.

नव्या मशीनवर बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. सिस्टिम यूईएफआयमध्ये, म्हणजे बूट करायच्या नव्या पद्धतीत, टाकलेली असेल तर 'यूईएफआय' लिहिलेलाच निवडा. सिक्युअर बूट (मान्यता नसलेलं बूट अडवणारी सेटिंग) बंद करायची वेळ आली तर त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की हाताशी आहे ना ते बघा, नाहीतर विंडोज ती मागेल आणि तुम्ही अडकाल.

पेनड्राइव्ह चालू संगणकावर, आजच करून ठेवा. एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम बूट करू देणारा व्हेंटॉय टाकला तर १६ जीबीच्या एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही फायली मावतात.